बागेतलं मूल वर्गात आणू या: गावकरी, बागायतदार आणि नाशिककरांना आवाहन

शाळा व्यवस्थापन समिती, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा
तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक

सप्रेम नमस्कार.

द्राक्षबागांची गोडी छाटणी उरकत आली आहे. दिवाळीच्या आगेमागे पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या मजुरांच्या टोळ्या आपल्या शिवारात येतील. आधी डिपिंग (घड औषधात बुडवणं) आणि घडांची विरळणी, मधेच कांद्याची लागण, मग माल निघेपर्यंत तोड. होळीला ही माणसं आपापल्या पाड्यावर परततात. तोवरचे साडेचार-पाच महिने ती आपल्याच गावात राहतात. आपल्या विहिरीचं पाणी पितात, आपल्या किराणा दुकानात त्यांचं खातं असतं, रात्री आपल्या बागेतल्या शेडमध्ये पाठ टेकतात. त्यांच्यासोबत त्यांची मुलं येतात. हे आवाहन त्या मुलांसाठी आहे.

गेल्या हंगामात पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची पाचवीतली मुलगी आपल्या शाळेत आली. शिक्षण हमी कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून जपून आणलं होतं. वाचन चांगलं होतं, भागाकार अडत होता. कडेवर दीड वर्षाचा भाऊ. पहिल्या दिवशी तो झोपला. दुसऱ्या दिवशी रडला. एका खोलीत दोन वर्ग बसतात आणि मॅडम एकट्या; तिसऱ्या दिवशी त्यांनीच त्याला कडेवर घेऊन फळ्यावर गणितं सोडवली. चौथ्या दिवशी मुलगी आली नाही. समितीतल्या दोघी जणी बागेवर गेल्या, तर ती शेडच्या दारात भावाला घेऊन बसली होती. “तो रडतो, मग बाकीच्यांना ऐकू येत नाही,” एवढंच म्हणाली. होळीनंतर कुटुंब निघून गेलं. जूनमध्ये तिच्या मूळ शाळेतल्या गुरुजींना फोन केला, तेव्हा कळलं की ती तिथेही बसत नाही. पटावर मात्र तिचं नाव आहे.

तेव्हापासून समितीच्या प्रत्येक बैठकीत तिचा विषय निघतो. शाळा तिला नको नव्हती, घरच्यांचाही विरोध नव्हता. वर्ग बागेपासून दोन किलोमीटरवर होता आणि भावाला सांभाळायला दुसरं कुणी नव्हतं.

मुलांनी शाळा सोडू नये म्हणून सरकारने जे केलं आहे, त्याची समितीला नीट जाणीव आहे. शिक्षणाचा हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या ९ व्या कलमात स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना दाखल करून घेण्याची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकलेली आहे. जन्माचा दाखला नाही, शाळा सोडल्याचा दाखला नाही, वर्ष अर्धं झालं, यांपैकी कुठल्याही कारणाने मुलाला परत पाठवता येत नाही. मूळ शाळेने दिलेलं शिक्षण हमी कार्ड दाखवलं की इथल्या शाळेत जागा मिळते, होळीला परत गेलं की तिथे वर्ग पुढे चालू होतो. अशा मुलांचा माग काढणारे बालरक्षक शिक्षक आहेत. आईवडील बाहेरगावी गेले तरी मुलांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल ज्या दिवशी वर्गात बसेल त्या दिवशी त्याच्या वाट्याचा १०० ग्रॅम तांदूळ शिजतो, मग ते कुठल्याही पाड्यावरचं असो. दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमातींच्या पहिली ते चौथीतल्या मुलींसाठी दिवसाला १ रुपया उपस्थिती भत्ता १९९२ साली सुरू झाला. चौथीपर्यंतचा भत्ता सोडला, तर हे सगळं त्या मुलीसाठी होतंच. तिच्या भावासाठी काही नव्हतं. अंगणवाडीत तीन वर्षांपुढचं मूल बसवून घेतात. त्याहून लहानांना थोरली बहीणच सांभाळते.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिराच लक्षात आली. शाळाबाह्य मुलं शोधायची राज्यभरातली मोठी पाहणी २०१५ साली झाली, ती ४ जुलैला. ‘मिशन झिरो ड्रॉपआऊट’ २०२२ साली झालं, ते ५ ते २० जुलै. जुलैत सुरगाणा-पेठकडे भाताची आणि नागलीची लावणी चालू असते. सगळं घर पाड्यावर असतं, मूल शाळेत असतं, हजेरी लागते. तेच मूल डिसेंबरात आपल्या बागेत असतं, तेव्हा त्याला मोजायला कुणी येत नाही. सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल नियमाने शाळाबाह्य धरतात. म्हणजे आपल्या शिवारातली जवळजवळ सगळी मजुरांची मुलं दर नाताळापर्यंत शाळाबाह्य होतात आणि पुढच्या जुलैत पुन्हा पटावर दिसतात. असं तीन-चार वेळा झालं की मुलाला आपल्या वयाच्या वर्गात बसायची लाज वाटू लागते. तिथून पुढे ते परत येत नाही.

बागायतदार बंधूंनो, ग्रेपनेटवर, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या ऑनलाइन नोंदणीत, आपल्या प्रत्येक प्लॉटची नोंद असते. युरोपात गेलेली पेटी कोणत्या गटातली, तिथे कधी काय फवारलं, हे आपण सांगू शकतो. ते घड ज्या बाईने विरळले तिची मुलं त्या वेळी कुठे होती, हेही आपल्याला सांगता आलं पाहिजे. २०२२ साली आपल्याच जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुलं मेंढ्या राखायला वेठबिगार म्हणून नेल्याचं उघडकीस आलं. पटावर नाव असूनही ज्याचा ठावठिकाणा कुणी विचारत नाही, असं मूल कुठवर नेलं जातं, हे तेव्हा सगळ्या जिल्ह्याने पाहिलं.

काही जण म्हणतात, या पोरांना शिक्षणाची गोडी नाही. त्यांनी एकदा त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हिवाळीची जिल्हा परिषद शाळा पाहून यावी. ती वर्षाचे ३६५ दिवस भरते, आणि तिथली पाड्यावरची मुलं दोन्ही हातांनी लिहितात.

तर या हंगामात आपण शाळेच्या आवारातल्या रिकाम्या खोलीत पाळणाघर सुरू करत आहोत. सकाळी मुलांसोबत त्यांची धाकटी भावंडंही येतील. भावंडं पाळणाघरात राहतील आणि बहीण शेजारच्या वर्गात बसेल. मधल्या सुट्टीत तिला उठून भावाला बघून येता येईल. खोलीची डागडुजी आणि रंगकाम गावातल्या तरुणांनी श्रमदानातून केलं आहे. बचत गटातल्या दोन ताई मुलं सांभाळायला तयार आहेत. दोघींना प्रत्येकी महिना ६,००० रुपये मानधन द्यायचं ठरलं आहे, म्हणजे पाच महिन्यांचे ६०,००० रुपये. लांबच्या बागांतून मुलांना आणायला-सोडायला गाडी लागेल. वाहतूक भत्त्याची तरतूद आहे, पण तो वस्तीसाठी मंजूर होतो, आणि बागेतली हंगामापुरती शेड कोणत्या यादीत वस्ती म्हणून नसते. गावातला एक गाडीवाला दिवसाला ५०० रुपयांत दोन्ही फेऱ्या मारायला तयार झाला आहे. महिन्याचे २४ दिवस धरले तर हंगामाचे तेही ६०,००० रुपये होतात. एकूण १,२०,००० रुपये उभे करायचे आहेत. ज्याला जेवढं जमेल तेवढं द्यावं. एक दिवसाच्या गाडीचे ५०० रुपये दिले तरी तो दिवस त्यांच्या नावावर लिहू.

वस्तूंमध्ये पाळणे किंवा झोळीचं मजबूत कापड, सतरंज्या, वाट्या आणि झाकणाची भांडी हवी आहेत. लहान मुलांचे स्वेटर आणि कानटोप्या भरपूर लागतील. दिंडोरी-निफाडची डिसेंबरातली पहाट कशी असते हे वेगळं सांगायला नको, आणि शेडला दारही नसतं. जुने कपडे धुतलेले आणि घालण्याजोगे असावेत, एवढी विनंती. दूध घालणाऱ्यांनी पाळणाघरासाठी रोज लिटर-दोन लिटर दूध दिलं तर तो प्रश्न गावातच सुटेल. खाऊवाटपाचे कार्यक्रम कृपया ठेवू नका. मुलांना रांगेत उभं करून फोटो काढायला समिती परवानगी देणार नाही.

बागायतदारांकडून पैशाआधी एक वेगळी गोष्ट हवी आहे. टोळी उतरेल त्याच दिवशी शाळेत कळवा: किती मुलं आहेत, साधारण वयं काय, कोणत्या गटात राहिली आहेत. मुकादमाशी बोलताना मुलं शाळेत जातील हे आधीच ठरवून घ्या. उक्त्या कामात आईबापांसोबत मुलांचेही हात लागतात, हे आपण सगळे जाणतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं कायद्याने गुन्हा आहे, आणि आपल्या गावात ते होऊ नये, असा ठराव ग्रामपंचायतीने केला आहे. फवारणीच्या दिवशी सगळी मुलं शाळेत असतील, तर आपल्यालाही घोर राहणार नाही.

नाशिक शहरातल्या निवृत्त शिक्षकांना आणि डी.एल.एड. (शिक्षक पदविका) करणाऱ्या मुलामुलींना आठवड्यातून दोन दुपारी येता आलं, तर मागे पडलेल्या मुलांचं वाचन आणि गणित स्वतंत्रपणे घेता येईल. कोकणा किंवा वारली बोली येणारं कुणी मिळालं तर फारच बरं. पहिली-दुसरीतलं मूल पहिले दोन आठवडे आपली मराठी ऐकून गप्पच बसतं; त्याच्या बोलीत कुणी ‘जेवलास का’ विचारलं तर त्याच दिवशी बोलू लागतं.

देणगी समितीच्या बँक खात्यातच जमा करावी. खातं अध्यक्ष आणि सचिव म्हणून मुख्याध्यापक यांच्या जोड सहीने चालतं. रोख रक्कम शाळेच्या कार्यालयात देऊन लगेच पावती घ्यावी. बाहेर कुणाच्याही हाती देऊ नये. दर महिन्याचा हिशेब शाळेच्या फळ्यावर लागेल आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत वाचून दाखवला जाईल. हंगाम संपताना प्रत्येक मुलाच्या मूळ शाळेला फोन करून ते किती दिवस बसलं आणि कुठवर शिकलं, हे कळवायची जबाबदारी समितीने घेतली आहे. जूनमध्ये पुन्हा फोन करू.

भाऊबीजेनंतरच्या पहिल्या सोमवारी आम्ही बागा फिरून मुलांची यादी करणार आहोत. सकाळी सात वाजता शाळेपासून निघू. ज्यांना येणं शक्य आहे त्यांनी यावं, बायकांनी विशेष यावं, कारण शेडमध्ये त्या वेळी आया चूल पेटवत असतात आणि त्यांच्याशी बोलायला बाईमाणूस असलेलं बरं. मोटारसायकली घरी ठेवा. बांधाबांधाने चालतच जायचं आहे.

आपले,
अध्यक्ष, सचिव आणि सर्व सदस्य
शाळा व्यवस्थापन समिती