मनू, वीस तारखेलाच पैसे का संपतात ते बघ

मनू बाळा,

काल फोनवर तू म्हणालीस की बाबा दोघांचे पगार येतात तरी वीस तारखेला हात आखडतो, आता मी दूध अर्धा लिटर कमी करते आणि डाळ एक वेळच लावते, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच चालू आहे. तेव्हा तुझ्यामागे कुकरच्या शिट्ट्या आणि पलीकडे जावईबापूंची मीटिंग, नीट बोलता आलं नाही म्हणून लिहितोय. जरा लांब होईल पण दोघं मिळून वाचा. आधी हे सांगतो की दूध, डाळ, तूप, अंडी यातलं काहीही कमी करायचं नाही. पोटाला चिमटा काढून वाचवायची वेळ तुमच्यावर आलेली नाहीये. पैसा दुसऱ्याच वाटेने जातोय.

तू मला युपीआयची गेल्या महिन्याची स्टेटमेंट पाठवलीस ती मी वहीत उतरवून काढली. खाण्यापिण्यावर एकूण 19,400 गेलेत. त्यात महिन्याचा मोठा किराणा 5,200, दूध 2,100, हॉटेल आणि रविवारची मिसळ धरून 3,300. हे सगळं मला ठीक वाटतं, मिसळ बंद करा असं मी मुळीच म्हणणार नाही, दोघं आठवडाभर राबता, एक सकाळ निवांत बसून खायलाच पाहिजे. पण उरलेले 8,800 बघ. कुठे 140, कुठे 265, कुठे 90, कुठे 312, बहुतेक सगळे संध्याकाळी सात ते नऊच्या मधले, म्हणजे घरी येतानाचे नाहीतर स्वयंपाकाला उभं राहिल्यावरचे. कोथिंबीर नाही म्हणून ॲप उघडायचं, मग कोथिंबिरीसोबत ब्रेड, ब्रेडसोबत चीज, आणि ऑर्डर छोटी आहे म्हणून वेगळा चार्ज लागतोय तर तो वाचवायला आणखी काहीतरी टाकायचं, वर हँडलिंगचे पैसे आहेतच. एकेक रक्कम एवढी लहान की मनाला लागत नाही, आणि महिन्याअखेर तीच मोठ्या किराण्यापेक्षा जास्त भरते.

दुसरी वाट तुझ्या फ्रिजमध्ये आहे. मागच्या रविवारी आईने भाजीचा खालचा ड्रॉवर साफ केला तेव्हा मी शेजारीच होतो. अर्धा कापलेला दुधी काळा पडलेला, मेथीची जुडी पिशवीतच पाणी सुटून चिकट झालेली, सिमला मिरच्या सुरकुतलेल्या, आणि वरच्या कपाटात जिऱ्याची तीन उघडी पाकिटं, पोह्यांची दोन. तुला रागावत नाहीये गं, नोकरी करून घर चालवताना असं होतंच. पण ती मेथी कोणीतरी गिरणारेच्या शेतातून पहाटे काढून आणलेली असते, तू पैसे मोजून घेतलेली असते आणि ती घंटागाडीत जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून भाजीचं असं कर. रोज आणू नकोस, आठवड्यातून एकदाच आण. बुधवारचा गंगेवरचा, म्हणजे आपल्या नाशिकच्या गोदाकाठचा, बाजार तुला पाथर्डी फाट्याहून लांब पडतो हे मान्य, पण निदान महिन्यातून एक-दोनदा ये, मी पंचवटीत आहेच, भाजी घेऊन ठेवीन, तू ऑफिस सुटल्यावर जेवायला ये आणि घेऊन जा. पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी चढलं की तिथे काय बसायला मिळत नाही, तेव्हा तुमच्या जवळचा भाजीबाजार. आणि आणलेली भाजी खायचा क्रम ठरवून टाक, मेनू लिहायची गरज नाही. पहिले दोन दिवस पालेभाजी, मेथी, पालक, शेपू जे असेल ते. मग भेंडी, गवार, वांगी. त्यानंतर कोबी, फ्लॉवर, दुधी, हे दमाने राहतात. आणि बाजाराच्या आदल्या दोन दिवशी भाजी नाहीच, मटकी, चवळी, हरभरे, वाटाणे, जे भिजवशील त्याची उसळ. एवढं पाळलंस तरी संध्याकाळची निम्मी ॲपगिरी थांबेल कारण "आज काय करू" हा प्रश्नच राहत नाही. कोथिंबीर आणली की मुळं कापून टाक, धुवू नको, ओली असेल तर पंख्याखाली पसर आणि मग कागदात गुंडाळून डब्यात ठेव, आठवडाभर हिरवी राहते. कोथिंबिरीचा भाव आपल्याकडे कसा उड्या मारतो तुला माहितीये, आज दहाला जुडी आणि जोराचा पाऊस झाला की तीच शंभराच्या घरात, तेव्हा असेल त्या दिवसात नीट जपायची आणि महाग झाली की सरळ विसरून जायची, कढीपत्त्यावर काम चालतं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी आज घाईने लिहितोय. एप्रिल लागलाय. वर्षाची साठवण करायचे हेच दिवस आहेत आणि तुमच्या नव्या घरात ती कोणी केलीच नाही, लग्नाच्या गडबडीत आमच्याकडूनही राहून गेलं.

गव्हाचा हिशोब सोपा आहे. किलोभर पिठात साधारण तीस पोळ्या होतात, तुम्हा दोघांना सकाळचा डबा आणि रात्रीचं जेवण धरून रोज सात-आठ लागतात, म्हणजे महिन्याला सात-आठ किलो, वर्षाला नव्वदच्या आसपास, पाहुणेरावळे धरून एक क्विंटल. तू सध्या पाच किलोची पिठाची पिशवी घेतेस त्यापेक्षा आत्ता लोकवन घेऊन दळून आणलेलं स्वस्तच पडतं, दळणाचे पैसे धरूनसुद्धा, आणि पोळी गोड लागते ते वेगळंच. गहू आणला की एक दिवस कडक ऊन द्यायचं, पण गरम गरम कोठीत भरायचा नाही, रात्रभर निवू द्यायचा नाहीतर आत वाफ धरते आणि तिथूनच पोरकिडे सुरू होतात. हाताला जेमतेम लागेल एवढं एरंडेल चोळायचं, सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला थरात टाकायचा, झाकण घट्ट. जागा नसेल तर 50 किलोच तुझ्याकडे ठेव आणि 50 आमच्या कोठीत राहू दे.

कांद्याचं मात्र मनावर घेच. आपण लासलगाव-पिंपळगावच्या दारात राहतो आणि तुम्ही पोरं दिवाळीच्या तोंडावर पाव-पाव किलो कांदा ॲपवरून मागवता हे मला पटत नाही. आत्ता मार्च ते मे मध्ये निघतो तो उन्हाळ कांदा, तोच टिकतो, शेतकरीसुद्धा चाळीत तोच भरून ठेवतात. पावसाळा सरताना चाळीतला माल संपत येतो, नवा लाल कांदा अजून यायचा असतो, त्या मधल्या दिवसात भाव चढतो, आणि दिवाळीच्या आगेमागे लाल कांदा आला तरी तो टिकाऊ नसतो, लागेल तसाच आणायचा असतो. तुम्हाला महिन्याला तीन-साडेतीन किलो लागतो, तेव्हा आत्ता 20 किलो घेतलास तर खराब जाणारा धरून गणपतीपर्यंत आरामात जाईल. घेताना मध्यम आकाराचा घे, मान बारीक आणि पूर्ण वाळलेली पाहिजे, अंगठ्याने दाबून बघायची, मऊ लागली तर बाजूला. मधून जाड दांडा आलेला डेंगळा घ्यायचा नाही, जोडकांदा घ्यायचा नाही. घरी आणला की गोणीत ठेवू नको, प्लास्टिकमध्ये तर नाहीच, जाळीच्या क्रेटमध्ये बाल्कनीत सावलीला ठेव, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत असं बघ, बटाट्याच्या जवळ ठेवू नको, आणि आठ-दहा दिवसांनी एकदा वरखाली करून सडका निघेल तो काढून टाक, एक सडला की शेजारचे चार घेऊन जातो.

तांदळाचं टेन्शन घेऊ नको, घोटीहून इंद्रायणी मागवतो आपण दरवर्षी, त्यातला एक कट्टा तुझा. वरण-भाताला मात्र जुना कोलम घे, जुना तांदूळ फुगतो, वाटी कमी लागते. तूरडाळ वर्षाची भरायची गरज नाही, तीन महिन्यांची पुरे. मिरची आई बघतेय, ब्याडगी आणि संकेश्वरी दोन्ही आणून कांडपाला देणार आहे.

दुकानात गेलीस की दोन-तीन गोष्टी बघत जा. तेलाची पिशवी बघताना लिटर नाही, ग्रॅम वाच. एक लिटर तेलाचं वजन साधारण 910 ग्रॅम असतं, पण शेजारीच तेवढीच दिसणारी 850 किंवा 800 ग्रॅमची पिशवी असते आणि तीच पाच-दहा रुपये स्वस्त म्हणून आपण उचलतो. डबा घेतलात तर विचारा 15 किलो का 15 लिटर, कारण 15 लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या थोडं वर भरतं, जवळजवळ सव्वा-दीड किलोचा फरक आहे. पण दोघांसाठी डबा नकोच, महिन्याला दीड लिटर तेल तुम्हाला भरपूर झालं. मग एमआरपीच्या जवळ बारीक अक्षरात युनिट सेल प्राइस असते ती वाच, किलोच्या आतल्या पाकिटावर ग्रॅमला किती आणि किलोच्या वरच्यावर किलोला किती पडले ते लिहिलेलं असतं, मोठं पाकीट स्वस्तच असतं असं अजिबात नाही हे तुला तिथल्या तिथे कळेल. आणि डाळ, रवा, पोहे, शेंगदाणे रविवार कारंज्यावरच्या दुकानातून सुटे घे. पॅक केलेल्या लेबलवाल्या गहू-तांदूळ-डाळीवर 25 किलोपर्यंत 18 जुलै 2022 पासून 5 टक्के जीएसटी आहे, सुट्यावर नाही, म्हणूनच तर दुकानात 26 आणि 30 किलोचे कट्टे दिसतात. सुटं घेताना डाळ मुठीत घेऊन बघायची, हाताला भुकटी लागली तर जुनी किंवा किडलेली, दुसरं पोतं दाखवा म्हणायचं, लाजायचं नाही.

एक मात्र ऐक. गंगेवर मखमलाबाद, गिरणारेकडच्या बायका स्वतःच्या शेतातला चार टोपल्या माल घेऊन बसतात त्यांच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करायची नाही. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो शंभराच्या वर गेला तेव्हा सगळ्यांनी आरडाओरडा केला, आणि पुढच्या दोन महिन्यांत तोच टोमॅटो शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतला तेव्हा कोणी विचारलं नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत लासलगावला कांदा दोन-चार रुपये किलोने गेला होता. आपल्याला बचत करायची आहे ती आपल्या घरातल्या नासाडीतून, तिच्या टोपलीतून नाही. बाजार उठताना ती स्वतःहून वाटा वाढवून देते तेवढं घे, आनंदाने घे.

पैशाची सोय अशी लाव. तुमच्या दोघांपैकी एकाचं जुनं सेव्हिंग अकाउंट पडून आहे ना, ते फक्त घरखाण्याचं करा. एक तारखेला त्यात 13,000 टाका, दूध, भाजी, किराणा, मिसळ सगळं त्यातूनच, दोघांच्याही फोनवर युपीआय त्याच अकाउंटचं. उरलेली रक्कम समोर दिसली की हात आपोआप थांबतो, मुद्दाम वही ठेवायची गरज पडत नाही. पहिला महिना कमी पडेल, पडू दे, किती आणि कशामुळे कमी पडलं ते मला सांग, आपण आकडा बदलू, उगाच मन मारून बसू नका. आणि दरमहा 1,500 ची बारा महिन्यांची आरडी याच महिन्यात उघड, पुढच्या एप्रिलला व्याजाशिवाय 18,000 हातात असतील, त्यात गहू, कांदा, मिरची, तांदूळ सगळं येतं आणि एकदम खर्च आला असं वाटत नाही. दुकानदारांच्या दिवाळी किराणा भिशीत अडकू नको, पैसा आपल्या बँकेत असलेला बरा, पाहिजे त्या दुकानातून घेता येतो.

यंदा आरडी नाहीये तर यंदाची साठवण मी करून देतो. नको म्हणू नकोस, जावईबापूंनाही सांग यात मानपान काही नाही, पुढच्या वर्षीपासून तुमचं तुम्ही करा.

मला रविवारपर्यंत एवढंच कळव, गहू 50 किलो ठेवायला तुझ्याकडे जागा आहे का आणि बाल्कनीत संध्याकाळचं ऊन येतं का, येत असेल तर क्रेट स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवावे लागतील, मी येताना मोजून बघतो. आई विचारतेय मसाला मागच्यासारखाच तिखट करायचा का जावईबापूंसाठी थोडा मऊ. आणि दूध आजपासून परत दीड लिटर चालू कर.

तुझे बाबा