खारट पापा हसण्यावारी नेऊ नका

संपादक साहेब, नमस्कार.

बाळाचा पापा खारट लागला की घरात सगळे हसतात, पण ते सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराचं लक्षण असू शकतं हो. १९८९ ला सापडलेला एक जीन यात बिघडलेला असतो, त्यामुळे पेशीच्या आवरणातलं क्लोराइडचं, म्हणजे मिठातल्या एका घटकाचं, ये-जा करायचं दार नीट बनत नाही, बऱ्याचदा तर त्या प्रोटीनची घडीच चुकते म्हणून पेशी ते स्वतःच मोडीत काढते आणि दार जागेवर पोचतच नाही! मग घामातलं मीठ परत आत घेता येत नाही, फुप्फुसात पाणी कमी पडून कफ डिंकासारखा घट्ट, स्वादुपिंडाच्या नळ्या पण तुंबतात, पोराने कितीही खाल्लं तरी अंगी लागत नाही. आपल्याकडे याला कधी दमा, कधी टीबी समजतात. घामाची टेस्ट असते ना, मग ती जिल्हा रुग्णालयात सहज का मिळू नये?

— एक वाचक, सातारा