गोठलेले इन्सुलिन वापरू नये

संपादक महोदय,

गेल्या आठवड्यात शेजारच्या काकू इन्सुलिनची बाटली दाखवायला घेऊन आल्या. एरवी पाण्यासारखे नितळ असणारे त्यांचे इन्सुलिन गढूळले होते आणि बाटलीच्या गळ्यापाशी आतून पिठासारखे पांढरे कण चिकटले होते. बाटली फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून राहिली, रात्रीत गोठली आणि सकाळी वितळली. "थंड ठेवा म्हणाले होते, म्हणून ठेवली," असे काकू म्हणाल्या. मेडिकलमध्ये त्यांना खरोखरच तेवढेच सांगितले होते.

औषधांच्या द्रावणांवर अनेक वर्षे काम केल्यामुळे मला हे फार लागले. इन्सुलिन हे प्रथिन आहे. बाटलीत त्याचे सहा-सहा रेणू जस्ताच्या आधाराने एकत्र बांधलेले असतात, आणि जंतू वाढू नयेत म्हणून घातलेले मेटाक्रेसॉल किंवा फिनॉल ही बांधणी आणखी पक्की करते. साध्या इन्सुलिनच्या द्रावणाचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ७.४ च्या आसपास ठेवतात, कारण तेथे रेणूंवर ऋण भार असतो व ते एकमेकांना दूर लोटतात, सामू ५.४ कडे झुकला की हा भार जवळजवळ संपतो आणि रेणू एकमेकांना चिकटू लागतात. (ग्लार्जिन हे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन मात्र मुद्दाम ४ सामूला ठेवलेले असते, त्वचेखाली गेल्यावर त्याचे सूक्ष्म कण होतात व ते सावकाश विरघळते; म्हणूनच ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एकाच सिरिंजमध्ये भरत नाहीत.) पाणी गोठू लागले की प्रथिन आणि क्षार उरलेल्या थोड्या पाण्यात दाटतात, ही सारी घडी विस्कटते आणि बर्फ वितळल्यावरही ती पूर्ववत होईल याचा भरवसा नसतो. उष्णतेने आणि जोरजोरात हलवल्यानेही गुठळ्या होतात, कारण हवेला लागलेल्या पृष्ठभागावर रेणूंची घडी उलगडते.

काकूंच्या बाटलीत बिघाड निदान दिसला. पुष्कळदा तो दिसतही नाही आणि साखर का वाढते हे घरच्यांना उमगत नाही. म्हणून औषधविक्रेत्यांना माझी कळकळीची विनंती आहे की त्यांनी इन्सुलिन देताना प्रत्येक वेळी मराठीत सांगावे: न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवावी, एकदा गोठलेली टाकून द्यावी, मुळातच दुधाळ असणारे इन्सुलिन हलवू नये, तळहातांत हळुवार फिरवावे. हेच पत्रकावर ठळक मराठीत छापणे उत्पादकांना अवघड नाही.

– एक निवृत्त औषधनिर्माता, सातारा