केंद्रप्रमुखांचे पैसे पहिल्याच महिन्यात बुडतात

मा. संपादक,

दहा-बारा शाळांच्या केंद्रावर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांच्या रिक्त पदांवर वरचेवर लिहून येते. 2023 मध्ये 2384 पदांच्या विभागीय परीक्षेची जाहिरात निघाली, परीक्षा लांबली आणि संघटनांनी निवेदनांचा पाऊस पाडला. ते योग्यच होते. पण जे आज या पदावर आहेत त्यांच्या पगाराबद्दल कोणी बोलत नाही. शिक्षक संघटनांच्या लेखी केंद्रप्रमुख म्हणजे 'साहेब', आणि साहेबांच्या लेखी तो शिक्षकच.

हिशेब पाहा. एस-13 या वेतनस्तरात 49000 मूळ वेतन असलेला वरिष्ठ श्रेणीतला शिक्षक मार्चमध्ये केंद्रप्रमुख झाला. जुन्या श्रेणीत एक वेतनवाढ धरून 50500, आणि केंद्रप्रमुखाच्या एस-15 स्तरात त्याच्या लगत वरचा टप्पा 51500. शाळेतच राहिलेला त्याचा सहकारी जुलैच्या वेतनवाढीने 50500 वर येतो. म्हणजे दहा-बारा शाळांच्या भेटी, शिक्षण परिषद, यू-डायस या शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन नोंदींतल्या दुरुस्त्या, पोषण आहाराची तपासणी या सगळ्यापोटी मूळ वेतनात फरक पडला हजार रुपयांचा. वाडीवस्तीवरच्या शाळा असतील तर तेवढे पेट्रोललाच जातात.

वेतननिश्चिती पुढच्या वेतनवाढीच्या तारखेला करण्याचा विकल्प दिला, तर चित्र बदलते. मार्च ते जून 51500 ऐवजी 50000, म्हणजे एस-15 मधला 49000 च्या लगत वरचा टप्पा, घ्यावे लागतात, पण 1 जुलैला वार्षिक आणि पदोन्नतीची अशा दोन वाढी धरून वेतन 53000 वर जाते. सुरुवातीच्या चार महिन्यांत कमी मिळालेले सहा हजार ऑक्टोबरपर्यंत भरून निघतात. हा विकल्प लेखी आणि मुदतीत द्यावा लागतो. पण रुजू होताना तो कोणी सांगत नाही, पंचायत समितीतला लिपिक तर नाहीच नाही. त्याच्यासाठी ते जादा काम आहे. मुदत टळली की फाईल हलत नाही.

आपले केंद्र सांभाळून दुसऱ्या केंद्राचेही काम पाहणाऱ्या प्रभारींची तऱ्हा वेगळी. शेजारच्या केंद्राचा कार्यभार गटशिक्षणाधिकारी फोनवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर सोपवतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वेतन) नियम 1981 मधील नियम 56 नुसार अतिरिक्त कार्यभाराचे वेतन मागायचे, तर सक्षम अधिकाऱ्याचा, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा, लेखी आदेश हाती हवा. सोबत कार्यभार घेतल्या-दिल्याच्या तारखांचा दाखला आणि सेवापुस्तकात नोंद. यातले एक जरी नसले तरी दोन-दोन वर्षांचे काम फुकटात जमा होते. आदेश मिळेपर्यंत 'सध्या माझ्या केंद्राचेच काम पाहीन' असे नम्रपणे लिहून देणे एकट्याला जड जाते. संघटनेचे पत्र सोबत असले तर तेच सोपे होते.

आणि वसुली. वेतननिश्चिती चुकली म्हणून निवृत्तीच्या तोंडावर लाखभराची नोटीस येते, आणि माणूस गुपचूप हप्ते बांधून घेतो. सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 2014 रोजी रफीक मसीह प्रकरणात वर्ग 3 व 4 च्या कर्मचाऱ्यांकडून, तसेच निवृत्तांकडून आणि निवृत्तीला वर्षभर उरलेल्यांकडून अशी वसुली करू नये असे म्हटले आहे. केंद्रप्रमुख वर्ग 3 मध्येच मोडतो. मात्र 'जादा रक्कम परत करीन' असे हमीपत्र दिलेले असेल, तर 2016 च्या जगदेव सिंग निकालाचा आधार घेऊन प्रशासन भांडते. तो निकाल न्यायिक सेवेतल्या अधिकाऱ्याचा होता, हा मुद्दा उत्तरात पहिल्याच परिच्छेदात यायला हवा. कोणत्या कागदावर आपण सही केली होती, हे मात्र बहुतेकांना नोटीस आल्यावरच कळते.

वार्षिक वर्गणी घेणाऱ्या संघटनांनी अधिवेशनाचा मांडव थोडा लहान करावा, आणि प्रत्येक तालुक्यात वेतन नियम जाणणारा एक निवृत्त लेखा कर्मचारी मानधनावर नेमावा. पदोन्नतीचे आदेश निघतील त्याच आठवड्यात त्याने नव्या केंद्रप्रमुखांचे विकल्प अर्ज भरून घ्यावेत आणि प्रत्येकाला आवक क्रमांकाची पोच हातात द्यावी.

– काही आजी-माजी केंद्रप्रमुख, सोलापूर जिल्हा