डोंबिवलीहून येणाऱ्या ताईंना, मेरेनच्या डेकबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे, पिस आता" म्हणून गठ्ठा पुढे सरकवता. म्हणून हे उघडं पत्र. शिवाय दादरला आपल्या रविवारच्या टेबलावर नवीन येणारी मुलं माझ्याकडे मेरेनच्या डेकची, म्हणजे माझ्या पत्त्यांच्या संचाची, यादी मागतात. यादी मी लगेच पाठवतो, पण काढून टाकलेली पानं यादीत दिसत नाहीत, आणि तुमची निम्मी मदत तर त्या काढून टाकलेल्या पानांत आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॅजिक: द गॅदरिंग हा 1993 साली आलेला पत्त्यांचा खेळ, रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला. आपण खेळतो तो त्यातला कमांडर प्रकार: बहुधा चार जण, प्रत्येकाचे 100 पत्ते, त्यातला एक म्होरक्या म्हणजे कमांडर, साध्या लँड (पानं खेळायला लागणारी शक्ती, म्हणजे माना, देणारी पानं) सोडल्या तर एकही पान दोनदा नाही, आणि प्रत्येकाला 40 लाइफ. मेलेली क्रीचर (लढणारी पात्रं), वापरून झालेले स्पेल (मंत्र), सगळं ग्रेव्हयार्डात जातं. मेंढीकोट आणि रमीवर वाढलेल्या माणसाला टाकलेलं पान संपल्यासारखं वाटतं. ग्रेव्हयार्ड डेकवाल्याचा डाव तिथूनच सुरू होतो.

माझी कमांडर मेरेन ऑफ क्लॅन नेल तोथ. 2015 च्या कमांडर संचातली, काळी-हिरवी, चार मानाची. आपलं दुसरं एखादं क्रीचर मेलं की आपल्याला एक एक्स्पीरियन्स काउंटर मिळतो. आपल्या टर्नच्या एंड स्टेपला, म्हणजे टर्न संपताना, ग्रेव्हयार्डातलं एक क्रीचर निवडायचं. त्याची माना किंमत काउंटरांइतकी किंवा कमी असेल तर ते थेट बोर्डावर येतं, जास्त असेल तर हातात. काउंटर मेरेनवर नसतात, खेळाडूवर असतात. ती कितीदा मेली तरी ती जमा कोणी काढून घेत नाही.

अशी कमांडर हाती आल्यावर कोणीही करेल तेच मी केलं होतं: गठ्ठ्यातली पानं भसाभस ग्रेव्हयार्डात टाकणारं जे जे मिळेल ते कोंबलं. तुम्ही डाव संपल्यावर काही बोलला नाहीत. काकूंचं जेवणाचं टेबल पुसून कोरडं केलंत, माझे सगळे पत्ते त्यावर ओळीने मांडलेत आणि लँड बाजूला काढून उरलेल्यांचे तीन ढीग केलेत. पहिल्यात ग्रेव्हयार्डात गेल्यावर जास्त कामाची पानं. दुसऱ्यात कुठेही असली तरी कामाची. तिसऱ्यात ग्रेव्हयार्डात गेली की कायमची गेली अशी. तिसरा ढीग सगळ्यात उंच होता. तुम्ही त्याच्यावर बोट ठेवून एवढंच विचारलंत, "हे सगळं तू स्वतःच्या हाताने मारतोयस, कळतंय का?"

गोल्गारी ग्रेव्ह-ट्रोलवर आपला बराच वेळ गेला. हे पान 2005 च्या रॅव्हनिकातलं, ड्रेज 6. म्हणजे पान ओढण्याऐवजी गठ्ठ्यावरची सहा पानं ग्रेव्हयार्डात टाकायची आणि ट्रोल परत हातात घ्यायचा. मॉडर्न या खेळाच्या दुसऱ्या प्रकारात तो 2011 मध्ये सुरुवातीपासूनच बॅन होता, 2015 मध्ये सुटला आणि 2017 मध्ये पुन्हा आत गेला. इतका नामचीन पत्ता आपल्या डेकमध्ये असावा असं मला वाटणं साहजिक होतं. तुम्ही पेन काढलंत. कमांडर सोडून 99 पानांत 33 क्रीचर, 36 लँड, 30 इतर. सहा टाकली की सरासरी दोन क्रीचर, दोनाहून किंचित जास्त लँड, आणि जवळजवळ दोन अशी पानं, जी मेरेन परत आणू शकत नाही. वर त्या टर्नचं नवीन पानही गेलं. ड्रेजच्या खऱ्या डेकमध्ये नार्कोमीबा, ब्लडगास्ट असली स्वतःहून उठून येणारी पानं चार-चार असतात, तिथे सहा पानं टाकणं म्हणजे सहा पानं ओढणं. आपल्या एकेकट्या पानांच्या डेकमध्ये ती चैन नाही. ट्रोल गेला. त्या जागी स्टिचर्स सप्लायर आला: एक माना, येताना तीन पानं मिल (गठ्ठ्यावरून थेट ग्रेव्हयार्डात), मरताना तीन पानं मिल, आणि एकच काउंटर असला तरी मेरेन त्याला उठवते.

मग हिशेब. अकाउंट्समध्ये नोकरी करणारं माणूस आपल्या ग्रुपमध्ये आहे याचा मला झालेला हा सगळ्यात मोठा फायदा. मी अंदाजाने म्हणत होतो की डाव सुरू करून देणारी सहा-सात पानं पुरेत. तुम्ही फोनवर शीट उघडून दाखवलंत: 99 मध्ये अशी 6 पानं असतील, तर सुरुवातीची सात आणि तीन टर्नची तीन मिळून दहा पानांत त्यातलं निदान एक दिसण्याची शक्यता 48 टक्के. म्हणजे नाणेफेकच. 10 असतील तर 67 टक्के, 12 ला 74, 14 ला 80. मी अर्थातच 14 म्हणालो. तुम्ही 12 वर थांबलात, कारण पुढची दोन पानं फक्त सहा टक्के देतात आणि त्यासाठी डाव जिंकून देणाऱ्या दोन पानांची जागा खातात. सोळाव्या पानापर्यंत वाद घालायची माझी तयारी होती, पण तुमची कर्जत लोकल होती.

पण हे सगळं झालं पत्ते निवडण्याबद्दल. मला खरे आभार मानायचे आहेत ते वेगळ्या गोष्टीसाठी: ग्रेव्हयार्ड भरायचं नसतं, चालतं ठेवायचं असतं, हे तुम्ही माझ्या डोक्यात उतरवलंत.

तेही बोलून नाही, बोजुका बॉगने. बॉग म्हणजे एक लँड, टॅप होऊन (आडवी, वापरलेल्या स्थितीत) येते आणि येताना एका खेळाडूचं अख्खं ग्रेव्हयार्ड एक्झाइल करते, म्हणजे खेळाबाहेर काढते. ग्रेव्हयार्ड सगळ्यांना उघडं असतं, कोणीही उचलून वाचू शकतो. समोर वीस पानांचा ढीग दिसला की बॉगवाल्याला दुसरीकडे बघायचं कारणच उरत नाही. पुढचे काही रविवार तुम्ही माझ्या ढिगाची उंची बघून बॉग टाकत होतात. ढीग लहान असला की तीच लँड दुसऱ्याच्या माथी मारायचात. एकदाही कारण सांगितलं नाहीत. मी ते समजून घ्यावं अशीच तुमची इच्छा असणार.

मग एके दिवशी तुम्ही घड्याळ समजावलंत. लँड ज्याने त्याने आपल्याच टर्नला टाकायची असते, म्हणजे माझ्या टर्नमध्ये बॉग सहसा येत नाही. मग जी क्रीचर मारायची आहेत ती माझ्या टर्नच्या शेवटाजवळ, एंड स्टेपच्या आधी मारायची. व्हिसेरा सीअर हे क्रीचर बसलेलंच असतं, ते फुकटात सॅक्रिफाइस करतं (बळी देतं) आणि वर स्क्राय देतं, म्हणजे गठ्ठ्यावरचं पान बघू देतं. लगेच एंड स्टेप, मेरेन एकाला परत आणते. लोकांच्या टर्नला उघड्यावर राहतं ते उरलंसुरलं. टॉरमॉड्स क्रिप्ट किंवा स्कॅव्हेंजिंग ऊझ समोर असेल तर हे घड्याळ चालत नाही, कारण ते दोघेही कधीही ग्रेव्हयार्डात हात घालतात. मेरेनने पान निवडलं रे निवडलं की ऊझ एक हिरवा माना देऊन तेच पान खातो. तेव्हा आधी ऊझला मारायचं, मग पुढचं.

आणि स्पोर फ्रॉग! एक मानाचा बेडूक, स्वतःचा बळी देऊन त्या टर्नचं सगळं कॉम्बॅट डॅमेज थांबवतो. एक काउंटर असला की मेरेन त्याला दर फेरीला उठवते. मी तो पहिला हल्ला आला की वापरून मोकळा व्हायचो. तुम्ही म्हणालात, तुझ्या आधी ज्याची पाळी, त्याच्यासाठी राखून ठेव. म्हणजे बेडूक मेल्यावर ग्रेव्हयार्डात पडून राहण्याचा वेळ सगळ्यात कमी, आणि आधीचे दोघे "हा कोणावर वापरेल" या विचारात हल्लाच करत नाहीत. जिवंत बेडूक मेलेल्यापेक्षा जास्त हल्ले थांबवतो, हे मी टेबलावर बघितलं तेव्हा मला पटलं. सांगून पटलं नसतं.

रेस्ट इन पीस आणि लेलाइन ऑफ द व्हॉइड या ग्रेव्हयार्डच बंद पाडणाऱ्या दोन पानांबद्दल तुम्ही आधीच सावध केलं होतंत. 2019 च्या उन्हाळ्यात मॉडर्नमध्ये होगाक या ग्रेव्हयार्डातून खेळता येणाऱ्या पानाने असा धुमाकूळ घातला होता की लोक लेलाइन साइडबोर्डात (राखीव पानांत) न ठेवता सरळ मुख्य डेकमध्ये घालून फिरत होते. जुलैत त्याच्या जोडीचं ब्रिज फ्रॉम बिलो बॅन झालं, ऑगस्टमध्ये खुद्द होगाक. ग्रेव्हयार्ड जिंकायला लागलं की सगळं गाव त्याच्यावर उठतं, तेव्हा तशी तयारी ठेव, असं तुमचं म्हणणं. रेस्ट इन पीस असताना क्रीचर मरतच नाही, सरळ एक्झाइल होतं, म्हणजे मेरेनला काउंटरही नाहीत. अशा वेळी ग्रेव्हयार्डातून उत्तर आणू म्हणणं हा विनोद झाला. उत्तर हातातूनच यायला हवं. म्हणून असली पानं फोडणाऱ्या रेक्लमेशन सेज, कॉस्टिक कॅटरपिलर आणि असॅसिन्स ट्रॉफी या तिघांना तुम्ही डेकमधून हलू देत नाही. शांत रविवारी ही तीन पानं हातात आली की मला अजूनही चीड येते. पण ठेवतो.

एका पानावर मात्र आपलं जमलं नाही. लिव्हिंग डेथ. सगळ्यांची बोर्डावरची क्रीचर जातात आणि सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डातली बोर्डावर येतात. तुमचं मत असं की लहान ग्रेव्हयार्डाच्या डेकमध्ये हे पान दुसऱ्यांचंच भलं करतं. हिशेबाने तुमचंच खरं आहे. तरी ते पान यादीत आहे आणि राहणार, कारण ते पडलं की टेबलावरचे चौघेही खुर्चीतून उठून काय काय परत आलं ते बघतात. एवढ्यासाठी एक जागा खर्च करायला माझी हरकत नाही. यादी मागणाऱ्यांनी ताईंचा सल्ला मानायचा की माझा, ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

पत्त्यांपलीकडच्या गोष्टीही आहेतच. महागडी पानं विकत घेण्याआधी कलर झेरॉक्स काढून, स्लीव्हमध्ये (प्लास्टिकच्या पाकिटात) साध्या लँडच्या पुढे सरकवून महिनाभर खेळून बघ, हे तुमच्यामुळे. अधिकृत स्पर्धेत असल्या प्रॉक्सी चालत नाहीत, आपल्या टेबलावर चालतात. त्यामुळे माझे किती पैसे वाचले ते घरी सांगायची सोय नाही. पावसाळ्यात फॉइलचे पत्ते होडीसारखे वाकतात, कारण कागद दमट हवा पितो आणि वरचा चकचकीत थर पीत नाही. पिसताना वाकलेलं पान बोटालाच कळतं आणि मग ती मार्क्ड कार्डच झाली. तुम्ही बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून आम्हा सगळ्यांना वाटल्यात. कांदाभजी खाल्लेल्या हाताने स्लीव्हला हात लावायचा नाही, हा नियमही तुमचाच. तो मोडला म्हणून तुम्ही यजमानालाच त्याच्या घरात हात धुवायला पाठवलं होतंत.

आणि मेगाब्लॉक. मध्य रेल्वेचा ब्लॉक असलेल्या रविवारी दादरमध्ये राहणारे आम्ही "आज नको" म्हणत लोळत असतो आणि तुम्ही डोंबिवलीहून, मध्ये उभ्या राहिलेल्या लोकलमधून, वेळेवर हजर. पहिल्या डावात तुम्ही माझ्याशेजारी बसून फक्त बघायचात, स्वतःचा डेक पिशवीत. मी पान टाकताना अडलो तर सांगायचात नाही. "ग्रेव्हयार्ड वाच" एवढंच. आता दुसरं कोणी अडलं की माझ्याही तोंडातून तेच येतं, आणि मुलं माझ्याकडे बघून हसतात.

डेक आता बसला आहे. तिसऱ्या टर्नला मेरेन येते, निदान साकुरा-ट्राइब एल्डर दुसऱ्या टर्नला मिळाला तर येतेच: एल्डरचा बळी, लँड बोर्डावर, पुढच्या टर्नला चार माना, आणि त्याच टर्नच्या शेवटी एल्डर परत हातात. जिंकतो कमी, पण टिकतो शेवटपर्यंत. परवा बॉग पडली तेव्हा माझ्या ग्रेव्हयार्डात दोन लँड आणि एक संपलेला स्पेल होता. टाकणारा बिचारा ओशाळला.

तुमची व्हिक्टिमाइझ अजून माझ्या डेकमध्ये आहे, तुमच्याच जांभळ्या स्लीव्हमध्ये. तिची प्रॉक्सी काढून झाली आहे. येत्या रविवारी मूळ पान आणतो, आणि ब्लॉक असेल तर या वेळी डाव डोंबिवलीत मांडू. आम्ही येतो.

तुमचा,
टेबलावर तुमच्या डावीकडे बसणारा