वहीवरची लाल रेघ

महोदय,

शिक्षक दिनाच्या निमित्ताने आमच्या गुरुजींविषयी लिहितो. १९७४ साली मी चौथीत होतो आणि गुरुजींनी मला स्कॉलरशिपला बसवले होते. शाळा भरण्याआधी तासभर, फी न घेता, ते आम्हा चौघांना पडवीत बसवून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे म्हणून घेत. एक आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून!

एकदा माझे उत्तर बरोबर आले, तरी गुरुजींनी अख्ख्या गणितावर लाल रेघ मारली. ‘‘रीत कुठाय?’’ एवढेच विचारले. मी तोंडी केले होते. त्यांनी तेच गणित पाच वेळा रीतसर लिहून आणायला लावले. रडत रडत लिहिले. राग इतका आला, की आता यांना चूक सापडूच द्यायची नाही असे मनाशी धरले. तिथून माझा अभ्यास खरा सुरू झाला. निकाल लागला तेव्हा त्यांनी शाबासकी दिली नाही. सातवीच्या स्कॉलरशिपचे पुस्तक हातात ठेवले.

पुढे पाटबंधारे खात्यात कालव्याच्या लेव्हल, म्हणजे उंचीची मापे, घेताना प्रत्येक आकडेमोड मी रीतसर लिहीत आलो. आकडेमोडीच्या पोटात चूक राहिली तर पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचत नाही.

आज शिक्षकांच्या मागे मतदार याद्या, जनगणना, ऑनलाइन माहिती यांचा ससेमिरा आहे. वह्या तपासायला त्यांनी वेळ आणायचा कुठून? तो वेळ सरकारने त्यांना परत द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त शाखा अभियंता, सांगली