“काकू, ह्यावर २१ दिवस लिहिलंय”

प्रिय मुली,

तुझं नाव लिहू नको असं तू बजावलंस, म्हणून लिहीत नाही. नारायण पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मेडिकलच्या काउंटरमागे चष्मा लावून उभी असतेस, एवढं गल्लीतल्यांना पुरे.

२०१७ च्या पावसाळ्यात माझा गुडघा धरला. हाडांच्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली आणि तिने पोट बिघडू नये म्हणून सकाळी अनशापोटी पँटोप्राझोल ४० दिलं. गुडघा महिन्याभरात चालायला लागला, दुखण्याची गोळी सुटली, पोटाची मात्र चालूच राहिली. दर महिन्याच्या पाच तारखेला मी तीच मळकी चिठ्ठी काउंटरवर ठेवायची आणि समोरून पाकिटं यायची. सात वर्षं. मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं आहे, तेव्हा हिशेब सांगते: अडीच हजारांहून जास्त गोळ्या. मधल्या काळात ती चिठ्ठी कुणीच वाचली नाही, आणि त्या ‘कुणी’त पहिली मी.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये तू नवीन लागली होतीस. चिठ्ठी उलगडलीस, उजेडात धरलीस आणि म्हणालीस, “काकू, ह्यावर २१ दिवस लिहिलंय.”

मला राग आला होता, कबूल करते. मागे चार गिऱ्हाईकं उभी, त्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी. मी म्हटलं, “अगं, बंद करून पाहिली आहे. दोनदा. माझी अ‍ॅसिडिटी फार जुनी आहे.” त्यावर तू विचारलंस, “गुडघ्याच्या आधी होती?”

नव्हती.

त्या एका प्रश्नावर मी रात्रभर विचार केला. २०२१ मध्ये गोळी सोडली तेव्हा पाचसहा दिवस काही झालं नाही, मग अशी जळजळ उठली की घशापर्यंत आंबट. मला वाटलं, बघा, आजार आतच दबा धरून बसला होता. गोळी परत सुरू, दोन दिवसांत थंड. २०२३ मध्ये जरा शहाणपणा करावा म्हणून गोळी सुरीने अर्धी करून घ्यायला लागले. हे तुला सांगितलं तेव्हा तू हसली नाहीस, याचेही आभार. त्या गोळीवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून औषध वाचवण्यासाठीच असतं, ती कापली की औषध आतड्यापर्यंत पोचण्याआधीच वाया जातं, हे तू सांगितलंस. म्हणजे अर्धी घेतेय असं समजून मी जवळजवळ काहीच घेत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान रिकामं असताना तू नीट समजावलंस. २५ जुलैचा पूर तेव्हा ताजा होता, भिडे पूल पाण्याखाली गेलेला आम्ही गच्चीवरून पाहिला होता, म्हणून तू खडकवासला धरणाचंच उदाहरण घेतलंस. ही गोळी पोटातले आम्ल सोडणारे पंप बंद करते. आम्ल कमी पडतंय म्हटल्यावर शरीर गॅस्ट्रिन नावाचं संप्रेरक वाढवतं, आणखी आम्ल करा म्हणून मागे लागतं. वर्षानुवर्षं असं चाललं की आम्ल करायची ताकदच वाढून बसते. मग एका दिवशी गोळी थांबली की सगळे दरवाजे एकदम उघडतात. “विसर्ग टप्प्याटप्प्याने करायचा, काकू.” (उपमा तंतोतंत नाही गं. धरणात पाणी साठतं, पोटात आम्ल साठून राहत नाही, करणारे हात वाढतात. पण मास्तरणीची खोड जात नाही, आणि समजायला ती उपमाच कामी आली.)

मग तू २००९ सालचा डेन्मार्कमधला प्रयोग सांगितलास. पोटाची काहीही तक्रार नसलेली १२० माणसं. निम्म्यांना आठ आठवडे ह्याच जातीची गोळी आणि मग चार आठवडे नकली, म्हणजे आत औषधच नसलेली, बाकीच्यांना बाराही आठवडे नकली. शेवटच्या चार आठवड्यांत गोळी सुटलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर असलं काहीतरी झालं, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. धडधाकट माणसांना! तेही फक्त आठ आठवड्यांच्या गोळीनंतर! मी सात वर्षं घेतलेली. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की दोन्ही वेळेला मी आजाराला घाबरून गोळीकडे परतले, आणि तो आजार बहुतेक गोळी सुटण्याचाच होता.

तरी तू स्वतःहून काही बंद केलं नाहीस. “ते डॉक्टर ठरवतील” म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांकडे पिटाळलंस, आणि पायाला मुंग्या येतात हेही सांगा म्हणालीस. बी-१२ खरंच कमी निघालं. डॉक्टर म्हणाले, शाकाहारी आहात हे एक कारण आणि अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं, हे दुसरं. माझं ऐकून आमचे भाऊजीही गोळी सोडायला निघाले होते. त्यांना स्टेंट आहे, रोज अ‍ॅस्पिरिन चालू. तू त्यांना काउंटरवरच अडवलंस: “काका, तुमची गोळी तुमच्या पोटाचं रक्षण करतेय, ती सोडायची नाही.” ते अजून तुझ्यावर जरा रुसलेले आहेत. असू देत.

सप्टेंबरभर २० ची गोळी, ऑक्टोबरमध्ये एक दिवसाआड. पूर्ण थांबायची तारीख दिवाळीत येत होती, तर तू म्हणालीस फराळ होऊ दे. पाच नोव्हेंबरला थांबले.

दुसरा आठवडा मी विसरणार नाही. रात्री दोनला छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं. आमच्या ह्यांनी पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घातल्या होत्या, त्यामुळे झोपेत दोघंही पायथ्याकडे घसरायचो आणि पहाटे पांघरुणासाठी भांडायचो. डॉक्टरांनी काही दिवस रात्री फॅमोटिडीन, म्हणजे आम्ल कमी करणारं दुसऱ्या जातीचं औषध, दिलं होतं, जेवणानंतर ते गुलाबी घट्ट औषध. त्याने निखारा विझायचा नाही, राख बसायची. पण त्या रात्री मी कपाट उघडून जुनं पाकीट शोधलं नाही, कारण तू कॅलेंडरवर आधीच पेन्सिलीने लिहून दिलं होतंस: “ह्या आठवड्यात वाढेल. अपेक्षित.” आणि त्याखाली दोन रेघा मारून: गिळताना अडकलं, शौच काळी झाली, रक्ताची उलटी झाली, वजन उतरलं तर थेट डॉक्टर, छातीत दाब येऊन घाम फुटला तर अ‍ॅसिडिटीचं औषध शोधत बसायचं नाही, हॉस्पिटल. त्यातलं काही नव्हतं. नुसती जळजळ होती, आणि तिची तारीख मला माहीत होती. खुर्चीत बसून काढली रात्र.

चंपाषष्ठीला भरिताचा एक घास घेतला आणि पस्तावले. संक्रांतीला तिळगूळ खाल्ला, काही झालं नाही.

सगळं छान झालं असं मात्र लिहिणार नाही. मिसळ खाल्ली की अजून दोन चमचे औषध लागतं. दुपारची कॉफी गेली, तिची आठवण येते. सगळ्यात अवघड संकष्टी होती: चंद्रोदय नऊ-साडेनऊला, त्यानंतर जेवण, वर दोन मोदक आणि लगेच आडवं. आता मी एकच मोदक खाते आणि तासभर गॅलरीत येरझाऱ्या घालते. समोरच्या जोशीकाकू विचारतात, काय हरवलंय.

आणि हो, तुझ्या मालकांचं दर महिन्याला एक गिऱ्हाईक तू कमी केलंस. ते मला भेटले तेव्हा ओशाळं हसले, बोलले काही नाहीत.

परवा संकष्टी आहे. जास्तीचे पाच मोदक तुझ्यासाठी करते. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं की आणून देईन, तूप वेगळ्या वाटीत. डबा परत करायची घाई नाही.

तुझी,
पाच तारखेची काकू